सततचे घसा खाकरणे: तपासणी, नोंद आणि कोड

घसा खाकरताना दोन्ही स्वररज्जू एकमेकांवर घट्ट मिटतात, फुप्फुसांतून आलेली हवा त्यांना झटक्यात उघडते आणि त्यांच्यावर साचलेला चिकटा सुटून वर येतो. सर्दी-पडशात किंवा ठसका लागल्यावर ही क्रिया उपयोगाची असते. काही जणांत मात्र पडसे जाऊन महिने लोटले तरी खाकरणे थांबत नाही. दर दोन-चार वाक्यांनंतर घसा मोकळा करावा लागतो आणि एवढे करून कफ असा फारसा पडतच नाही. याचे एक कारण खुद्द त्या क्रियेतच आहे. प्रत्येक वेळी स्वररज्जूंच्या कडा एकमेकींवर आपटतात, त्यांना सूज येते, सुजलेली कड कफ अडकल्यासारखी जाणवते आणि ती जाणीव घालवण्यासाठी माणूस पुन्हा खाकरतो. म्हणून अशा रुग्णात दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात: खाकरणे कशाने सुरू झाले, आणि आज ते कशाने चालू आहे.

किती दिवसांनंतर या लक्षणाला जुनाट म्हणावे, याची सर्वमान्य मर्यादा नाही. व्यवहारात खोकल्याचीच मोजपट्टी वापरली जाते, म्हणजे प्रौढांत आठ आठवडे आणि मुलांत चार. ती वापरायला हरकत नाही, मात्र केसपेपरवर नुसते ‘जुनाट’ न लिहिता आठवडे किंवा महिने लिहावेत. खोकला आणि खाकरणे यांतला फरकही पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घ्यावा. खोकल्यात खोल श्वास, छाती-पोटाचा जोर आणि मोठा आवाज असतो; खाकरणे गळ्याच्या पातळीवरच उरकते. रुग्ण दोन्हीला खोकलाच म्हणतात. अनेकदा सोबत आलेली पत्नी किंवा मुलगा सांगतो, तेव्हा कुठे कळते की खरा त्रास खाकरण्याचा आहे आणि रुग्णाला स्वतःला त्याची जाणीवही नाही.

कारणांचा शोध

नाकापासून सुरुवात करणे सोयीचे. ॲलर्जीची सर्दी, जुनाट सायनसची सूज किंवा नुसते कोरडे नाक यांमुळे नाकामागचा स्राव घशात उतरतो, किंवा उतरल्यासारखा वाटतो. शिंका, नाक चोंदणे, डोळ्यांना खाज, वास कमी येणे, धुळीने, उदबत्तीच्या धुराने किंवा ऋतू बदलताना त्रास वाढणे, या खुणा बाजूने असतील तर सलाइनने नाक धुणे आणि नाकातला स्टिरॉइड स्प्रे काही आठवडे नीट वापरून पाहणे हा तपासणीचाच भाग ठरतो. स्प्रे रोज मारला का आणि नळीचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न वळवता बाहेरच्या बाजूला ठेवले का, हे पुढच्या भेटीत विचारल्याशिवाय ‘स्प्रेने फरक नाही’ असे लिहू नये.

औषधांची यादी हा या तपासणीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग आहे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिलेली एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल ही ‘प्रिल’ने संपणारी औषधे कोरडा खोकला आणि घशात खवखव निर्माण करतात. हा त्रास पहिल्या गोळीनंतर काही तासांत सुरू होऊ शकतो, तसाच काही महिन्यांनीही. औषध थांबवल्यावर तो बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित तीन महिने रेंगाळतो. रुग्णाने गोळी परस्पर बंद करू नये. ज्यांनी ती सुरू केली त्यांच्याशी बोलून टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखा पर्याय ठरवावा. दम्यासाठी घेतलेल्या स्टिरॉइड पंपानेही घसा खवखवतो, आवाज घोगरा होतो आणि कधी तोंडात-घशात बुरशी दिसते.

तंबाखू, गुटखा, विडी-सिगारेट यांची चौकशी सगळेच करतात. महाराष्ट्रात मिसरीबद्दल स्वतंत्रपणे विचारावे लागते, कारण मिसरी लावणाऱ्या अनेक स्त्रिया ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे नाही म्हणतात. शिक्षक, कीर्तनकार, गायक, कॉल सेंटरवर बोलणारे, बसवाहक यांच्या बाबतीत दिवसभरात आवाजावर किती भार पडतो आणि पाणी किती प्यायले जाते, हे विचारावे. स्वररज्जूंवरच्या गाठी, एका स्वररज्जूची कमजोरी किंवा वयानुसार त्या बारीक होऊन नीट न मिटणे, यांतूनही घसा सारखा मोकळा करावासा वाटतो.

जेवणाशी असलेला संबंध वेगळा विचारावा. घास किंवा पाणी गिळल्यावर लगेच खाकरावे लागत असेल, विशेषतः पक्षाघात झालेल्या किंवा पार्किन्सनच्या रुग्णात, तर अन्नपाणी स्वरयंत्राच्या तोंडाशी शिरत असल्याची ती खूण असू शकते. अशा रुग्णाची गिळण्याची तपासणी लवकर करून घ्यावी. फक्त रात्री किंवा व्यायामाने खोकला येत असेल, छातीत घरघर असेल, तर दम्याची चाचणी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर भारतात क्षयासाठी थुंकीची तपासणी आधी. स्वरयंत्राचा क्षयही आवाज बसवतो आणि घसा दुखवतो.

सगळे तपासूनही काही सापडत नाही असा मोठा गट उरतो. एखाद्या विषाणुजन्य पडशानंतर घशाच्या संवेदना वाहणाऱ्या नसा जास्त तिखट होतात. मग बोलणे, हसणे, अत्तराचा वास, फोडणीची वाफ किंवा एसीची थंड हवा एवढ्यानेही खाकरावेसे वाटते. ‘इथे गुदगुल्या होतात’ असे म्हणून रुग्ण गळ्याच्या मधोमध बोट ठेवतो. या गटाला स्पीच थेरपिस्टकडून शिकलेल्या युक्त्यांचा उपयोग होतो: खाकरण्याची ऊर्मी आली की पाण्याचा घोट, जोर देऊन गिळणे, किंवा आवाज न करता हवेचा हलका झोत सोडणे. वर सांगितलेले सूज आणि खाकरणे यांचे चक्र नेमके इथे तुटते.

आम्लाचा शिक्का

या लक्षणाला सर्वांत घाईने दिले जाणारे निदान म्हणजे पोटातले आम्ल घशापर्यंत येणे. आम्ल वर येऊन घसा खवखवतो हे खरे. वादाचा मुद्दा एवढाच की नुसत्या खाकरण्यावरून ते ओळखता येत नाही. बेलाफ्स्की आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या नऊ प्रश्नांच्या लक्षणसूचीत खाकरण्याचा प्रश्न आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण, एकूण ४५, आणि १३ पेक्षा जास्त गुण असामान्य मानले जातात. पण ॲलर्जीच्या सर्दीचा रुग्णही या सूचीत सहज १३ ओलांडतो, कारण घशाच्या लक्षणांची भाषा सर्व कारणांत एकच असते. दुर्बिणीतून दिसणारी स्वरयंत्राच्या मागच्या भागाची लाली आणि सूज हीदेखील खाकरण्याच्या माराने येऊ शकते. काहीही तक्रार नसलेल्या माणसांतही ती दिसते.

ब्रिटनमधील आठ केंद्रांत झालेल्या आणि २०२१ मध्ये ‘बीएमजे’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घशाची दीर्घकालीन लक्षणे असलेल्या ३४६ जणांपैकी काहींना लान्सोप्राझोल ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि काहींना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या १६ आठवडे दिल्या गेल्या. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१८ ची आवाज बसण्यासंबंधीची मार्गदर्शिकाही सांगते की स्वरयंत्र न पाहता, केवळ लक्षणावरून आम्लविरोधी औषध देऊ नये. त्यामुळे छातीत जळजळ किंवा करपट ढेकर सोबत असतील तर औषध देऊन पाहणे रास्त आहे. त्या नसतील तर महिनोन्‌महिने गोळ्या चालवण्याआधी अन्ननलिकेतील आम्ल मोजण्याची चाचणी विचारात घ्यावी. एकदा ‘ॲसिडिटीमुळे’ असे लिहिले गेले की पुढचा प्रत्येक डॉक्टर तेच उतरवून घेतो, आणि खऱ्या कारणाचा शोध तिथेच थांबतो. यात रुग्णाची वर्षे जातात.

मुले

पाच-सात वर्षांच्या मुलाने खाकरायला सुरुवात केली की आधी ॲलर्जी, मग टॉन्सिल, मग अडेनॉइड असा प्रवास होतो. हा प्रवास टाळण्यासाठी स्वरटिकची, म्हणजे नकळत पुन्हा पुन्हा निघणाऱ्या आवाजाची, शक्यता पहिल्याच भेटीत तपासावी. टिकमधले खाकरणे झोपेत थांबते, खेळात रमल्यावर कमी होते, थोडा वेळ दाबून धरता येते आणि परीक्षेच्या किंवा दमणुकीच्या दिवसांत वाढते. सोबत डोळे मिचकावणे, नाक आक्रसणे, मान किंवा खांदा उडवणे कधी झाले होते का, हे आई-वडिलांना मुद्दाम विचारावे. ते त्याचा संबंध घशाशी जोडत नाहीत. घरी मोबाइलवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ ओपीडीतल्या पंधरा मिनिटांपेक्षा जास्त सांगतो. मुलाला ‘खाकरू नकोस’ म्हणून दटावल्याने टिक वाढते, हे पालकांना स्पष्ट सांगणे हा उपचाराचा भाग आहे. टिक त्रासदायक असतील तर सवय बदलण्याचे वर्तनोपचार उपलब्ध आहेत.

थांबू नये अशा खुणा

तीन-चार आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज, गिळताना दुखणे किंवा अडकणे, एकाच कानात दुखणे, मानेत गाठ, थुंकीत रक्त, कारण नसताना घटलेले वजन, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज: यांपैकी एक जरी असेल तरी औषधाचा प्रयोग बाजूला ठेवून स्वरयंत्र दुर्बिणीने पाहावे. तंबाखूचा इतिहास असेल तर त्यात दिरंगाई अक्षम्य आहे. या खुणा नसल्या, तरी आठ आठवड्यांच्या योग्य उपचारांनी फरक न पडणाऱ्या प्रौढाचे स्वरयंत्रही एकदा पाहिलेच पाहिजे.

केसपेपरवर काय उतरावे

‘घशाचा त्रास, ॲसिडिटी, गोळ्या दिल्या’ ही नोंद कोडरच्या, विमा कंपनीच्या आणि पुढच्या डॉक्टरच्याही कामाची नाही. चांगली नोंद मोठी असावी लागत नाही. उदाहरणादाखल एका कल्पित रुग्णाची नोंद अशी असू शकते:

‘वय ५२, शिक्षिका. पाच महिन्यांपासून दिवसभर घसा खाकरतात, झोपेत नाही. बोलताना वाढते, कफ पडत नाही. नाक गळणे, शिंका, छातीत जळजळ, गिळताना त्रास नाही. आवाज ठीक, वजन स्थिर. तंबाखू, मिसरी नाही. रक्तदाबासाठी सहा महिन्यांपासून रामिप्रिल ५ मिलिग्रॅम. मुलाखतीच्या दहा मिनिटांत सहा वेळा खाकरल्या. दुर्बीण: नाक, नाकामागचा भाग, जिभेचे मूळ स्वच्छ, स्वररज्जूंची हालचाल दोन्ही बाजूंनी सारखी, गाठ नाही, मागच्या भागात किंचित सूज. निष्कर्ष: दीर्घकालीन घसा खाकरणे, कारण अद्याप निश्चित नाही, रामिप्रिलचा संशय. योजना: फिजिशियनशी बोलून औषध बदलणे, सहा आठवड्यांनी फेरतपासणी.’

या नोंदीत नकार लिहिलेले आहेत, आणि तेच तिचे बळ आहे. छातीत जळजळ नाही असे लिहिल्याने आम्लाच्या गोळ्या का दिल्या नाहीत हे कळते; गिळण्याचा त्रास नाही असे लिहिल्याने थांबणे सुरक्षित का होते हे कळते. खाकरण्याची मोजदाद पुढच्या भेटीत तुलनेला येते. दुर्बिणीतली सूज लिहिली आहे, पण तिला नाव दिलेले नाही. निष्कर्षात जेवढे माहीत आहे तेवढेच आहे.

कोड

अमेरिकी रुग्णालयांचे चार्ट पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई इथल्या कोडरांच्या पडद्यावर येतात. त्यांना लागते ती अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेली आयसीडी-१०-सीएम ही आजारांच्या कोडांची वर्गवारी. तिच्यात घसा खाकरण्याला स्वतःचा कोड नाही, ते आर०९.८९ या ‘रक्ताभिसरण व श्वसनसंस्थेची इतर नमूद लक्षणे’ अशा पेटाऱ्यात जाते. याच कोडमध्ये धमनीतला खरखराट, छातीतली कुरकुर आणि क्षीण नाडीही बसते. म्हणजे कोड पाहून लक्षण कळत नाही. ते सांगण्याचे सगळे काम नोंदीलाच करावे लागते, आणि क्लेम अडलाच तर तीच नोंद आधाराला येते.

शेजारचे कोड नेमके ओळखावेत. जुनाट खोकला असे डॉक्टरांनी लिहिले असेल तर आर०५.३, हा कोड १ ऑक्टोबर २०२१ ला खोकल्याचा जुना आर०५ विभागला गेला तेव्हा आला. नाकामागून स्राव उतरणे आर०९.८२. घोगरा आवाज आर४९.०. घशात काहीतरी अडकल्याची जाणीव १ ऑक्टोबर २०२३ पासून आर०९.ए२ मध्ये जाते. इथे एक सापळा आहे. डॉक्टरांनी याच जाणिवेसाठी ‘ग्लोबस’ एवढाच शब्द लिहिला तर सूची कोडरला एफ४५.८ कडे, म्हणजे मानसिक आजारांच्या प्रकरणात नेते. कारण मानसिक आहे असे डॉक्टरांना म्हणायचे नसेल तर त्यांनी ‘घशात अडकल्याची जाणीव’ असे साधे लिहावे. संदिग्धता असेल तर कोडरने अंदाज न बांधता डॉक्टरांना विचारावे.

बाह्यरुग्ण विभागाचा मुख्य नियम असा की ‘संशयित’, ‘बहुधा’, ‘शक्यता’, ‘शी सुसंगत’ अशा शब्दांनी लिहिलेल्या निदानाचा कोड लावायचा नाही. त्या भेटीत खात्रीने माहीत असलेले लक्षणच कोड करायचे. आंतररुग्णाच्या डिस्चार्जला रुग्णालयासाठीचा नियम वेगळा आहे, त्याची गल्लत करू नये. दुसरा नियम याच्या पुढचा: निदान पक्के झाले आणि लक्षण त्या आजाराचा नेहमीचा भाग असेल, तर लक्षणाचा वेगळा कोड लागत नाही. ॲलर्जीची सर्दी ठरली की जे३० गटातला नेमका कोड पुरेसा आहे. आम्ल घशाशी येत असल्याचे निश्चित निदान लिहिले असेल तर सहसा के२१.९.

वरच्या शिक्षिकेच्या पहिल्या भेटीत म्हणून आर०९.८९ आणि रक्तदाबाचा आय१० एवढेच येते. रामिप्रिलचा संशय कोडमध्ये उतरत नाही. सहा आठवड्यांनी त्या परत आल्या, गोळी बदलल्यापासून खाकरणे निम्म्यावर आले आहे आणि डॉक्टरांनी ‘रामिप्रिलच्या दुष्परिणामामुळे घसा खाकरणे’ असे निःसंदिग्ध लिहिले, तर आधी लक्षण आर०९.८९ आणि त्यानंतर टी४६.४एक्स५, सातवे अक्षर उपचाराच्या टप्प्यानुसार. हा क्रम उलटा करता येत नाही, आणि औषध सांगितल्याप्रमाणेच घेतले होते हे नोंदीत असावे लागते. चुकीच्या मात्रेने घेतले असेल तर कोडचा गटच बदलतो.

मुलांच्या टिकचे कोड कालावधीवर ठरतात: वर्षाच्या आत एफ९५.०, वर्षाहून अधिक आणि फक्त स्वरटिक किंवा फक्त हालचालींच्या टिक असतील तर एफ९५.१, दोन्ही असतील तर एफ९५.२. सुरुवात केव्हा झाली हे लिहिलेले नसेल तर कोडर यांपैकी काहीही प्रामाणिकपणे निवडू शकत नाही.

लवचिक दुर्बिणीने स्वरयंत्र पाहिल्याचा अमेरिकी प्रक्रिया-कोड ३१५७५, स्ट्रोबोस्कोपीसह ३१५७९. त्यासाठी तपासणीचे कारण, वापरलेली भूल आणि प्रत्येक भागात काय दिसले याची स्वतंत्र नोंद लागते. त्याच दिवशी सल्ल्याचे शुल्क २५ या मॉडिफायरसह लावायचे तर दुर्बिणीपलीकडे वेगळे आणि पुरेसे वैद्यकीय काम झाल्याचे नोंदीतून दिसायला हवे. नळी नाकातून गेली म्हणून नाकाच्या दुर्बिणीचाही कोड जोडणे चूक आहे.

भारतात बाह्यरुग्ण तपासणीचे पैसे बहुतेक जण खिशातूनच भरतात, त्यामुळे कोडवरून वाद कमी होतात. तरी रुग्णालयाच्या संगणकात आणि टीपीएच्या, म्हणजे विमा दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या, अर्जात जागतिक आरोग्य संघटनेचा आयसीडी-१० लिहिला जातो. त्यात अमेरिकी आवृत्तीचे बारीक पोटभाग नाहीत: खाकरणे आर०९.८, खोकला नुसता आर०५. अमेरिकी चार्टवर सराव झालेल्या कोडरने आर०५.३ किंवा आर०९.ए२ इथे लिहू नये. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये टिक विकार मज्जासंस्थेच्या प्रकरणात, ८ए०५ खाली दिले आहेत.

निदान बदलले की समस्यांची यादीही त्याच दिवशी बदलावी. शिक्षिकेच्या फाइलमध्ये आधीच्या दवाखान्यातून आलेले ‘ॲसिड रिफ्लक्स’ तसेच राहिले, तर संगणक प्रत्येक नव्या भेटीत ते पुढे ढकलत राहतो. ते काढून त्या जागी रामिप्रिल सोसत नसल्याची नोंद औषधांच्या इशाऱ्यांत करावी आणि त्या गटातले दुसरे ‘प्रिल’ही टाळावे, असे सोबत लिहावे.